पार्श्वभूमी : रस्त्यापलीकडचं पाळणाघर आणि हवाली केलेली मुलं

लपून राहिलेलं ज्यू मूल म्हटलं की मराठी वाचकाला आधी अ‍ॅन फ्रँक आठवते. कपाटाआडचा जिना, वरच्या खोल्या, सोबत आई-वडील आणि बहीण, हातात डायरी. ते सगळं खरंच आहे. पण नेदरलँड्समध्ये लपवल्या गेलेल्या बहुतेक ज्यू मुलांचं आयुष्य तसं गेलं नाही. सबंध कुटुंब दोन वर्षं एका छपराखाली राहिलं, हे फार थोड्यांच्या वाट्याला आलं. त्यासाठी मोकळी जागा लागे, पैसा लागे आणि जीव धोक्यात घालून रोजचं अन्न पोचवणारी माणसं लागत. अ‍ॅनचे वडील ऑटो फ्रँक यांच्याकडे स्वतःच्या कंपनीची इमारत होती आणि तिथले निष्ठावान सहकारी होते. इतर आई-बापांपुढे बहुधा एकच वाट असे : मूल अनोळखी माणसाच्या हवाली करायचं आणि कुठे नेताय हे विचारायचं नाही.

मूल वाचलं ते या हवाली करण्यामुळे, आणि पुढे कित्येकांना आयुष्यभर पुरलेलं दुःखही तिथूनच सुरू झालं. या मुलांचा इतिहास वाचताना दोन्ही गोष्टी एकत्र धराव्या लागतात. नुसत्या सुटकेच्या थरारापाशी थांबलं तर अर्धी गोष्ट हातून निसटते.

जर्मन सैन्य १० मे १९४० रोजी नेदरलँड्समध्ये घुसलं. रॉटरडॅमवर बाँबवर्षाव झाला आणि पाच दिवसांत देश शरण गेला. राणी विल्हेल्मिना आणि सरकार लंडनला गेलं. ऑस्ट्रियाचा नाझी नेता आर्टर झाइस-इन्क्वार्ट याच्या हाती मुलकी कारभार आला. देशात तेव्हा सुमारे १,४०,००० ज्यू होते, त्यांतले निम्म्याहून जास्त अ‍ॅमस्टरडॅममध्ये. युद्ध संपेपर्यंत त्यांतले एक लाखाहून अधिक मारले गेले, म्हणजे चारांतले तीन. शेजारच्या बेल्जियममध्ये हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होतं आणि फ्रान्समध्ये पंचवीस. पश्चिम युरोपात इतका संहार दुसरीकडे कुठेही झाला नाही.

असं का झालं, यावर इतिहासकारांनी पुष्कळ लिहिलं आहे. देश सपाट, डोंगर-जंगल नाही, एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला व्यापलेला बेल्जियम, उरलेल्या बाजूंना समुद्र. पळून जायचं तरी कुठे? पण मला स्वतःला सगळ्यांत घातक वाटतो तो तिथला काटेकोर दप्तर-कारभार. लोकसंख्येची नोंद आधीपासूनच उत्तम होती आणि तीत धर्माचा रकाना होता. जानेवारी १९४१ मध्ये सर्व ज्यूंनी नाव नोंदवावं असा हुकूम निघाला आणि जवळजवळ सगळ्यांनी तो पाळला. सरकारी नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स याने नवं ओळखपत्र तयार केलं. त्याची नक्कल करणं महाकठीण होतं. जर्मनांच्या स्वतःच्या ओळखपत्रापेक्षाही ते सरस मानलं जाई. ज्यू माणसाच्या ओळखपत्रावर ठळक ‘जे’ अक्षर उमटलं. पुढे ३ मे १९४२ पासून सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला कपड्यांवर पिवळा तारा शिवणं सक्तीचं झालं.

या नियमांतच लहान मुलांना एक फट सापडली. ओळखपत्र पंधरा वर्षांपासून पुढेच लागे, तारा सहा वर्षांपासून पुढेच. चार वर्षांच्या मुलीकडे रस्त्यात कोणी कागद मागत नसे. मोठ्या माणसाला लपवायचं तर खोटं ओळखपत्र, खोटा हुद्दा, खोटा पत्ता, सगळंच लागे. लहान मुलाला एक नाव, सांगण्याजोगी एक हकिकत आणि रेशनच्या चिठ्ठ्या पुरत. हकिकत बहुधा ठरलेली असे : मूल रॉटरडॅमचं आहे, बाँबवर्षावात घर गेलं, आई-वडील गेले. मुलग्यांच्या बाबतीत सुंता, म्हणजे ज्यू असल्याची अंगावरची खूण, ही कायमची भीती होती. डॉक्टरकडे नेणं किंवा इतर मुलांबरोबर पोहायला पाठवणं म्हणजे जोखीम.

जुलै १९४२ मध्ये पूर्वेकडे गाड्या सुटू लागल्या. वेस्टरबोर्क या देशातल्याच छावणीतून पहिली गाडी १५ जुलैला पोलंडमधल्या आउशविट्झ या मृत्युछावणीला गेली. अ‍ॅमस्टरडॅममध्ये धरलेल्या ज्यूंना वेस्टरबोर्कला पाठवण्याआधी एकत्र ठेवायला जागा हवी होती. ती जागा म्हणजे प्लांताज मिडनलान या रस्त्यावरचं एक नाट्यगृह, हॉलंडसे स्खाउबुर्ख. १८९२ साली बांधलेल्या या थिएटरात डच रंगभूमीची गाजलेली नाटकं झाली होती. आता खुर्च्या काढून टाकल्या गेल्या आणि प्रेक्षागृहात माणसं कोंबली गेली. कोणी काही तास, कोणी कित्येक दिवस, कोणी आठवडे तिथे काढले. पुढच्या सव्वा वर्षात चाळीस हजारांहून अधिक लोक या इमारतीतून गेले.

रस्त्याच्या समोरच्या बाजूला पाळणाघर होतं. कामावर जाणाऱ्या आयांची मुलं सांभाळणारी ही ज्यू संस्था हेन्रिएट पिमेंटेल या अनुभवी बाई चालवत होत्या. त्यांचा जन्म १८७६ चा, म्हणजे तेव्हा वय पासष्टीच्या पुढे. हाताखाली वीस वर्षांच्या आतबाहेरच्या ज्यू मुली, बालसंगोपनाचं शिक्षण घेणाऱ्या. थिएटरातल्या गर्दीत लहान मुलांच्या रडण्याने कारभार चालेना, म्हणून ऑक्टोबर १९४२ पासून मुलांना समोरच्या पाळणाघरात ठेवण्याचा हुकूम निघाला. आई-बाप रस्त्याच्या या बाजूला, मुलं त्या बाजूला. वेस्टरबोर्कला जायचा दिवस आला की मुलांना उठवून, कपडे घालून, रस्ता ओलांडून पुन्हा आई-बापांकडे आणायचं आणि सगळ्यांना मिळून रवाना करायचं.

जर्मनांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेल्या या वाटणीतून सुटकेची वाट निघाली. थिएटरवर सशस्त्र पहारा होता. पाळणाघरावर तसा पहारा नव्हता, समोरचे शिपाईच तिकडे नजर ठेवत. थिएटरचा अंतर्गत कारभार ज्यू परिषदेच्या, म्हणजे जर्मनांनी ज्यूंचा कारभार पाहायला नेमलेल्या ज्यू मंडळाच्या, वतीने वॉल्टर झ्युस्किंड पाहत असत. ते मूळचे जर्मनीचे, १९३८ मध्ये नेदरलँड्सला आलेले. अस्खलित जर्मन, बोलण्यात मनमोकळे, अधिकाऱ्यांशी मैत्री ठेवणारे. अ‍ॅमस्टरडॅममधून ज्यूंना हलवण्याचं काम ज्याच्या हाती होतं तो एसएस अधिकारी फेर्डिनांड आउस डेर फ्यूंटन त्यांना विश्वासातला माणूस समजत असे. बाहेरून पाहणाऱ्या अनेक ज्यूंनाही हा माणूस जर्मनांना सामील वाटला, आणि ते समजण्यासारखं आहे. प्रत्यक्षात झ्युस्किंड आणि त्यांचे सहकारी फेलिक्स हालव्हरस्टाड थिएटरात आणलेल्यांच्या नोंदकार्डांची पेटी पोखरत होते. एखाद्या मुलाचं कार्ड काढून टाकायचं, आकडे जुळते करायचे, म्हणजे कागदोपत्री ते मूल तिथे आलंच नव्हतं.

कागदावरून मूल नाहीसं झालं की मग ते प्रत्यक्षात बाहेर काढायचं. पाळणाघरासमोरून ९ नंबरची ट्राम जात असे. ट्राम थांब्यावर उभी राहिली की थिएटरसमोरच्या शिपायांना पलीकडचं दार क्षणभर दिसत नसे. तेवढ्या वेळात कडेवर मूल घेतलेली बाई ट्रामच्या आडोशाने चालू लागे किंवा ट्राममध्येच चढे. तान्ही बाळं पाठपिशव्यांतून, बाजाराच्या थैल्यांतून, धुण्याच्या टोपल्यांतून गेली. दुसरी वाट मागच्या बाजूची होती. पाळणाघराला जवळजवळ लागूनच शिक्षक घडवणारं एक प्रॉटेस्टंट महाविद्यालय होतं आणि दोघांच्या परसात फक्त झुडपांचं कुंपण होतं. पाळणाघरात गर्दी वाढली तेव्हा मुलांना दुपारी झोपवण्यासाठी महाविद्यालयातली एक खोली मागून घेण्यात आली. महाविद्यालयाचे प्रमुख योहान फान हुल्स्ट यांनी ती दिली आणि पुढे जे घडत होतं त्यातही ते उतरले. मुलं कुंपणावरून पलीकडे दिली जात आणि महाविद्यालयाच्या दारातून पिशवी घेतलेला एखादा विद्यार्थी बाहेर पडे.

आता त्या हवालीविषयी. आई-बापांची संमती असल्याशिवाय मूल न्यायचं नाही, हा पिमेंटेल आणि त्यांच्या मुलींचा पाळलेला नियम होता. तो नीतीचा होता तसा व्यवहाराचाही होता. रवानगीच्या वेळी आईने आपलं मूल कुठे आहे म्हणून आकांत केला असता तर सगळंच उघडं पडलं असतं. त्यामुळे सीनी काटनबुर्ख, बेटी आउडकेर्क यांच्यासारख्या जेमतेम विशीच्या मुलींना थिएटरात जाऊन विचारावं लागे. हळू आवाजात, आजूबाजूला शेकडो माणसं असताना. मूल आमच्याकडे सोडाल का? कुठे नेणार? सांगता येणार नाही. कोणाकडे? माहीत नाही. परत कधी मिळेल? उत्तर नाही.

पुष्कळ आई-बापांनी नकार दिला. आज आपल्याला पुढचं सगळं ठाऊक आहे, म्हणून तो नकार वेडेपणाचा वाटतो. तेव्हा त्यांना सांगितलं जात होतं की पूर्वेकडे कामाच्या छावण्या आहेत. कष्टाचं जिणं असेल, पण कुटुंब एकत्र असेल. दोन वर्षांचं पोर अनोळखी माणसाला देऊन टाकायचं की आपल्या कुशीत ठेवायचं, या प्रश्नाला त्या रात्री आईने दिलेलं उत्तर चूक म्हणण्याचा अधिकार मला तरी कोणाला दिसत नाही. ज्यांनी हो म्हटलं त्यांच्यापुढे आणखी एक कसोटी होती. तान्हं बाळ दिलेल्या आईला गाडीत चढताना कडेवर काहीतरी दिसावं म्हणून दुपट्यात गुंडाळलेली बाहुली दिली जाई. मोजदाद करणाऱ्या शिपायासमोरून ती बाहुली छातीशी धरून तिला जायचं असे.

या वाटेने सुमारे सहाशे मुलं वाचली असं मानलं जातं. त्याच पाळणाघरातून हजारो मुलं आई-वडिलांबरोबर किंवा एकटीच वेस्टरबोर्ककडे गेली. कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही हे रोज ठरवावं लागे. ज्यांच्याकडे पाहून ज्यू आहे असं चटकन वाटणार नाही, ज्यांची नोंद पुसता येईल, ज्यांच्यासाठी बाहेर घर तयार आहे, त्यांचा नंबर आधी लागे. आश्रयाच्या आशेने कोणाच्या तरी दारात सोडून दिलेली बाळंही पोलिसांच्या हाती लागून इथेच येत. सापडलेलं बेवारस मूल ज्यूच असणार, असं अधिकाऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

बाहेर मुलं स्वीकारणारी चार मुख्य मंडळं होती. उत्रेख्त शहरातल्या विद्यार्थ्यांचं, अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यार्थ्यांचं पीट मेअरबुर्ख यांच्याभोवती जमलेलं, ‘त्राउ’ या भूमिगत वृत्तपत्राशी जोडलेलं, आणि याप मुश व योप वोर्टमान यांचं ‘एन.व्ही.’ नावाचं. विद्यार्थ्यांकडे पैसा नव्हता. उत्रेख्तच्या मंडळाने एक युक्ती काढली. जर्मनांनी गोळ्या घालून मारलेल्या अठरा जणांवरची यान कांपर्ट यांची कविता छापून ती चोरून विकली, आणि त्या पैशांतून मुलांचा खर्च चालवला. कवी स्वतः ज्यूंना मदत केल्याबद्दल पकडला गेला होता आणि १९४३ च्या सुरुवातीला नॉयेनगामे छावणीत वारला होता. या छपाईतून पुढे ‘दे बेझिख बेय’ ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. ती आजही नेदरलँड्समधली मोठी साहित्यिक प्रकाशनसंस्था आहे.

मुलं गेली ती मुख्यतः उत्तरेला फ्रीसलंडमध्ये आणि दक्षिणेला लिंबुर्ख प्रांतात. शेतकरी, खाणकामगार, शिक्षक, पाद्री, विणकर. फ्रीसलंडमध्ये कॅल्विनपंथी घरं, लिंबुर्खमध्ये बरीचशी कॅथलिक. कित्येक घरांत आधीच सहा-सात मुलं होती. प्रवासात सोबत असायच्या त्या बहुधा तरुण मुली, कारण बाई आणि मूल ही जोडी आगगाडीत कोणाच्या डोळ्यांवर येत नसे. उत्रेख्तच्या हेटी वूट आणि गिझेला झ्योनलाइन १९४३ मध्ये पकडल्या गेल्या आणि राव्हन्सब्र्युक छावणीतून जिवंत परतल्या. याप मुश यांना सप्टेंबर १९४४ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. योप वोर्टमान बेर्गन-बेल्झन छावणीत वारले.

घरात आलेल्या मुलाने पहिल्या दिवसापासून शिकायची गोष्ट म्हणजे स्वतःचं नाव विसरणं. जेवणाआधीची प्रार्थना, रविवारी चर्च, यजमानीण बाईंना मावशी किंवा आई म्हणणं. कोणी खूप माया केली, कोणी फक्त कर्तव्य केलं, कोणी राबवून घेतलं, आणि काही मुलांवर अत्याचारही झाले. शेजाऱ्याला संशय आला, गावात झडती झाली किंवा घरच्या बाईचा धीर सुटला, की मूल पुढच्या पत्त्यावर. काही मुलांनी अशी दहा-बारा घरं पाहिली. दर वेळी मागचं घर मनातून पुसायचं, कारण चुकून बोललेल्या एका नावामुळे तिथली माणसं मारली जाऊ शकत होती. रडू नये, विचारू नये, कोणाला त्रास होऊ देऊ नये, हे इतकं अंगवळणी पडलं की साठीला आलेली माणसंही तशीच वागत होती.

पकडून देणारे कमी नव्हते. १९४३ च्या वसंतापासून हेनाइका टोळी नावाने ओळखली जाणारी डच माणसांची एक तुकडी पगारी धरपकड करत होती. प्रत्येक ज्यूमागे साडेसात गिल्डरचं (गिल्डर हे तेव्हाचं डच चलन) इनाम होतं, आणि मुलांचाही त्याला अपवाद नव्हता. काही महिन्यांत या टोळीने आठ हजारांहून अधिक ज्यू पकडून दिले. त्याच काळात गाड्या पोलंडमधल्या सोबिबोर या मृत्युछावणीला जात होत्या. मार्च ते जुलै १९४३ दरम्यान एकोणीस गाड्यांतून ३४,३१३ माणसं तिकडे नेली गेली, आणि त्यांतली अठरा परत आली. जूनच्या सुरुवातीला फुख्त छावणीतून दोन दिवसांत सुमारे १,३०० मुलं काढण्यात आली. तीही सोबिबोरलाच मारली गेली.

पाळणाघर फार दिवस टिकणार नव्हतं. जुलै १९४३ मध्ये पिमेंटेल पकडल्या गेल्या आणि सप्टेंबरमध्ये आउशविट्झला त्यांची हत्या झाली. त्यांच्या जागी विरी कोहेन आल्या. ज्यू परिषदेचे एक प्रमुख डाविड कोहेन यांची ही मुलगी. २९ सप्टेंबर १९४३ रोजी अ‍ॅमस्टरडॅममधली शेवटची मोठी धरपकड झाली आणि पाळणाघर रिकामं करण्यात आलं. त्या वेळी जितकी नेता येतील तितकी मुलं न्या, असं फान हुल्स्ट यांना सांगण्यात आलं होतं. समोर कितीतरी मुलं होती. त्यांनी बारा निवडली. तेरावं का नाही नेलं, हा प्रश्न त्यांनी पुढे मुलाखतींत पुन्हा पुन्हा स्वतःलाच विचारला. ते नंतर खासदार झाले, युरोपीय संसदेतही गेले, आणि २०१८ मध्ये १०७ व्या वर्षी वारले. झ्युस्किंड यांच्या पत्नी हाना आणि मुलगी इव्होन १९४४ च्या शरदात आउशविट्झला मारल्या गेल्या. ते स्वतः फेब्रुवारी १९४५ मध्ये वारले. सहाशे मुलांना वाट दाखवणाऱ्या या माणसाची लेक वाचली नाही.

नेदरलँड्सचा दक्षिण भाग १९४४ च्या शरदात मुक्त झाला, उरलेला देश मे १९४५ मध्ये. त्याआधीच्या हिवाळ्यात पश्चिमेच्या शहरांत उपासमारीने हजारो माणसं दगावली. लपवलेल्या मुलांनीही ती भूक काढली. मग युद्ध संपलं, आणि या मुलांसाठी दुसरंच काही सुरू झालं.

लपवलेल्यांपैकी दोन हजारांच्या आसपास मुलांचे आई-वडील परतलेच नाहीत. त्यांचं काय करायचं? लंडनहून परतलेल्या सरकारने ऑगस्ट १९४५ मध्ये कायदा करून एक आयोग नेमला. त्याच्या प्रमुख खेसिना फान डर मोलन या ‘त्राउ’ गटातल्या, स्वतः मुलं लपवण्याच्या कामात वावरलेल्या कायदेतज्ज्ञ होत्या. एका महिन्याच्या मुदतीत ज्यांचे आई-वडील पुढे येणार नाहीत, त्या मुलांचं पालकत्व आयोगाच्या हाती जाणार होतं. आयोगात ज्यू सदस्य अल्पसंख्य होते. आयोगाच्या बहुमताचं म्हणणं असं की मुलाचं हित पाहावं, त्याला पुन्हा उखडू नये, आणि आई-वडील धर्माने वागणारे होते का तेही तपासावं. ज्यू समाजाचं म्हणणं असं की नाझींनी या मुलांना ज्यू म्हणूनच अनाथ केलं, त्यांचे काका-मावशा जिवंत आहेत, आणि चारांतले तीन गमावलेल्या समाजाने आता मुलंही द्यायची का? वाद इतका पेटला की ज्यू सदस्य एका टप्प्यावर बाहेर पडले. आई-बापांनी मूल सांभाळायला दिलं होतं, कायमचं देऊन टाकलं नव्हतं. म्हणून मूळ प्रश्नात मला ज्यू समाजाची बाजू न्याय्य वाटते. पण जिला आई म्हणून ओळखलं तिच्यापासून दूर जाताना किंचाळणाऱ्या पाच वर्षांच्या पोराला हा न्याय कसा समजावा?

बहुतेक मुलं अखेर नातेवाइकांकडे किंवा ज्यू संस्थांकडे गेली. काहीशे मुलं बिगर-ज्यू घरांतच राहिली. काही सांभाळणाऱ्यांनी तर न्यायालयाचा निकालही मानला नाही. अनेके बेकमन या मुलीचं प्रकरण देशभर गाजलं. तिला लपवणाऱ्या कॅथलिक बाईंनी तिला परत देण्याऐवजी नाहीसं केलं, आणि ती १९६१ मध्ये, सज्ञान झाल्यावरच, पुन्हा लोकांसमोर आली. बेल्जियममध्ये मुलं लपवणाऱ्या संघटनेने खरी नावं, खोटी नावं आणि पत्ते वेगवेगळ्या वह्यांत, क्रमांकांनी जोडून लिहून ठेवले होते, त्यामुळे मुलांचा माग काढणं सोपं गेलं. नेदरलँड्समध्ये पुष्कळ माहिती माणसांच्या डोक्यात होती, आणि त्यांतली कित्येक माणसं आता हयात नव्हती.

ज्यांचे आई-वडील परतले त्यांचंही सोपं नव्हतं. सहा महिन्यांचं असताना दिलेलं बाळ तीन वर्षांचं झालेलं. दारात उभी हाडकुळी, केस कापलेली बाई म्हणजे आपली आई, हे त्याला पटावं कसं?

या सगळ्याचा सर्वांत खोल अभ्यास हान्स कायल्सन यांनी केला. जर्मनीत जन्मलेला हा ज्यू डॉक्टर स्वतः डेल्फ्ट शहरात लपून राहिला होता आणि लपून राहिलेल्या मुलांना भेटत असे. युद्धानंतर त्यांनी अनाथ ज्यू मुलांबरोबर दशकानुदशकं काम केलं आणि १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. छळाला सुरुवात झाली तो काळ, लपण्याचा किंवा छावणीचा काळ, आणि युद्धानंतरचा काळ असे तीन टप्पे त्यांनी मानले. तिसऱ्या टप्प्याचं वजन फार मोठं, हे त्यांना दिसलं. ज्या मुलांचा लपण्याचा काळ भयंकर गेला पण नंतरचा सांभाळ चांगला झाला, ती प्रौढपणी अधिक सावरलेली होती. ज्यांचा लपण्याचा काळ त्या मानाने बरा होता पण नंतरचा वाईट गेला, त्यांची अवस्था जास्त बिकट होती. म्हणजे शांतता आल्यावर मोठ्यांनी काय केलं, यावर मुलांचं पुष्कळ काही ठरलं होतं.

मुलं मात्र गप्प राहिली. छावणीतून परतलेल्यांसमोर बोलायची त्यांना लाज वाटे. तुम्ही तर घरात होता, जेवत होता, लहान होता, तुम्हाला काय आठवणार, असं त्यांना सांगितलं गेलं आणि त्यांनी ते मानलं. नेदरलँड्समध्ये १९७३ च्या कायद्याने छळग्रस्तांना निवृत्तिवेतन मिळू लागलं, तेव्हा लपून राहिलेल्यांनाही त्यात स्थान मिळालं. तरी आपण त्यात मोडतो असं अनेकांना वाटलं नाही. मे १९९१ मध्ये न्यू यॉर्कला लपून राहिलेल्या मुलांचा पहिला आंतरराष्ट्रीय मेळावा भरला आणि दीड हजारांहून अधिक लोक आले, बहुतेक पन्नाशी-साठीतले. नाझींच्या युरोपात मारल्या गेलेल्या ज्यू मुलांची संख्या सुमारे पंधरा लाख मानली जाते. आपण त्या पिढीतले उरलेले आहोत, हे यांतल्या कित्येकांनी तिथे पहिल्यांदाच चारचौघांत सांगितलं. कोणी आपलं जन्मनाव सांगितलं, कोणी खरी जन्मतारीख आजही ठाऊक नसल्याचं सांगितलं, आणि आपल्याला कडेवर घेऊन गेलेल्या मुलीचं नाव कोणाला माहीत आहे का, अशी विचारणा सुरू झाली.